‘करणे’ एक, क्रियापदे दोन : इंग्रजीतील ‘डू’ व ‘मेक’ यांचा अर्थभेद आणि अध्यापन

१. प्रास्ताविक

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांत सन २००० पासून इयत्ता पहिलीतच इंग्रजी विषयाचा आरंभ होतो. खेड्यातील पुष्कळ मुलांच्या कानावर घरी, शेतात वा आठवड्याच्या बाजारात इंग्रजी वाक्य सहसा पडत नाही. त्यांना ही भाषा बहुतांशी शाळेतच, आणि तीही शिक्षकांच्या मुखातून ऐकावयास मिळते. त्यामुळे आरंभीच्या इयत्तांत जी शब्दयोजना मुलाच्या जिभेवर बसते, तीच पुढे दीर्घकाळ टिकते. ती योग्य असेल तर पुढील शिक्षकांचे श्रम वाचतात. अयोग्य असेल तर माध्यमिक शाळेतही ती सुटत नाही.

अशा चिवट चुकांमध्ये ‘डू’ आणि ‘मेक’ या दोन क्रियापदांच्या चुका अग्रभागी आहेत. ‘आय डिड अ मिस्टेक’, ‘डोन्ट डू नॉइज’, ‘माय मदर डिड टी’, ‘आय डू हेल्प टू माय फादर’ ही वाक्ये मराठी मुलांच्या वह्यांत वारंवार आढळतात. ती वाचून दाखविली गेली म्हणजे वर्गात हशा पिकतो, वहीवर तांबडी रेघ ओढली जाते आणि मूल खाली बसते. पुष्कळदा असे मूल दुसऱ्या दिवसापासून इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडीत नाही. एका क्रियापदाची चूक ही लहान बाब आहे. परंतु तिच्यामुळे मुलाने बोलणेच सोडून दिले, तर हानी मोठी होते.

ही चूक मंदबुद्धीने किंवा निष्काळजीपणाने होत नाही. मराठीत चूक ‘करतात’, आवाज ‘करतात’, चहा ‘करतात’ आणि मदतही ‘करतात’. मुलाने आपल्या मातृभाषेचा नियम इंग्रजीत इमानाने पाळलेला असतो. तेव्हा चुकीचे मूळ ‘करणे’ या मराठी क्रियापदाच्या विस्तारात शोधले पाहिजे, आणि अध्यापनाची दिशाही तेथूनच ठरविली पाहिजे. प्रस्तुत पाठाचा हाच उद्देश आहे.

२. ‘करणे’ या क्रियापदाची व्याप्ती

मराठीतील ‘करणे’ हे संस्कृत ‘कृ’ धातूपासून आले आहे. या धातूच्या पोटी आरंभापासून दोन अर्थ नांदत आहेत. एक अर्थ कृती करण्याचा. ‘कर्म’, ‘कार्य’, ‘कर्तव्य’ हे शब्द त्यातून आले. दुसरा अर्थ वस्तू घडविण्याचा. ‘चित्रकार’, ‘ग्रंथकार’, ‘मूर्तिकार’ या शब्दांतील ‘कार’ हा त्याचा पुरावा होय. गावातील कुंभार हा मूळचा ‘कुंभकार’, म्हणजे कुंभ करणारा. लोहार हा ‘लोहकार’ आणि सोनार हा ‘सुवर्णकार’. कर्तव्य करणाराही ‘करतो’ आणि मडके घडविणाराही ‘करतो’. मराठी भाषेला या दोहोंसाठी वेगळे क्रियापद घेण्याची आवश्यकता वाटली नाही.

इंग्रजीने मात्र हे दोन अर्थ सामान्यतः दोन क्रियापदांकडे सोपविले. कर्तव्य ‘डू’कडे गेले, मडके ‘मेक’कडे गेले. जर्मन भाषेतही ‘टुन’ आणि ‘माखेन’ ही त्यांचीच सगोत्र क्रियापदे आहेत. उलट फ्रेंच भाषेत ‘फेर’ हे एकच क्रियापद दोन्ही कामे करते. म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या फ्रेंच मुलापुढेही मराठी मुलासारखीच अडचण उभी राहते. ही गोष्ट शिक्षकांनी वरच्या इयत्तेतील मुलांना अवश्य सांगावी. आपली अडचण जगात एकट्याचीच नाही हे कळले म्हणजे मुलाचा संकोच पुष्कळ कमी होतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. फळ्यावर ‘डू म्हणजे करणे’ आणि ‘मेक म्हणजे करणे’ असे दोन अर्थ लिहून देऊन मुलाच्या हाती काहीच पडत नाही. दोन्ही अर्थ खरे आहेत. परंतु केव्हा कोणता शब्द घ्यावयाचा, याचे उत्तर त्यात नाही.

३. दोन क्रियापदांचा मूळ अर्थभेद

‘डू’ या क्रियापदाचे नाते भाषाशास्त्रज्ञ संस्कृतातील ‘धा’ या धातूशी जोडतात. ‘धा’ म्हणजे ठेवणे, स्थापन करणे. मराठीतील ‘विधान’, ‘निधान’, ‘परिधान’ या शब्दांत हाच धातू आहे. ‘मेक’चे मूळ मळणे, मळून आकार देणे या अर्थाच्या प्राचीन धातूत असावे, असे बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. व्युत्पत्ती मुलांना शिकवावयाची नाही. परंतु शिक्षकांच्या मनात हे चित्र असल्यास फार उपयोग होतो. चिखल मळून त्याला आकार देणारा हात म्हणजे ‘मेक’, अशी खूण मनाशी बांधून ठेवावी.

व्यवहारात दोहोंमधील भेद पुढील प्रश्नाने ओळखता येतो : क्रिया संपल्यावर पूर्वी नव्हते असे काही नवे निर्माण झाले काय?

कुंभाराचे काम संपले. मडके निर्माण झाले. येथे ‘मेक’. आईने चुलीवर चहा केला; पूर्वी नसलेला चहा तयार झाला. येथेही ‘मेक’. मुलाने कागदाची होडी केली, गुरुजींनी हजेरीसाठी नावांची यादी केली, वडिलांनी मुलासाठी पतंग केला, या सर्व ठिकाणी ‘मेक’च येते.

याउलट मुलाने गृहपाठ केला. गृहपाठ आधीच नेमून दिलेला होता. मुलाने तो पार पाडला. येथे ‘डू’. गणिते आधीच पुस्तकात होती, ती सोडविली. येथे ‘डू’. व्यायाम, कर्तव्य, घरकाम, धंदा यांतही कार्य पार पाडण्यावर भर आहे. म्हणून ‘डू एक्सरसाइज’, ‘डू युवर ड्यूटी’, ‘डू द हाउसवर्क’, ‘डू बिझनेस’ असे प्रयोग होतात.

‘डू’चा आणखी एक विशेष असा की, क्रिया कोणती हे ठाऊक नसताना किंवा सांगावयाचे नसताना तेच क्रियापद येते. ‘व्हॉट आर यू डूइंग?’ हा प्रश्न कुंभाराला, शेतकऱ्याला, पाटीवर लिहिणाऱ्याला आणि स्वस्थ बसलेल्यालाही विचारता येतो. कुंभार मात्र उत्तर देईल, ‘आय ॲम मेकिंग अ पॉट’. प्रश्न ‘डू’ने आणि उत्तर ‘मेक’ने, हा प्रकार मुलांना आरंभी विचित्र वाटतो; पण हाच भेद शिकविण्याचा सर्वांत सुलभ मार्ग आहे. ‘व्हॉट आर यू मेकिंग?’ हा प्रश्न केवळ त्यालाच विचारावा, ज्याच्या हातून काहीतरी घडत असल्याचे दिसत आहे.

४. न दिसणाऱ्या वस्तू आणि ‘मेक’

मडके व चहा या डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू आहेत. त्यांविषयी मुलांना शंका राहत नाही. अडचण येते ती चूक, गोंगाट, भाषण, वचन, प्रगती अशा शब्दांपाशी. वरचा प्रश्न येथेही बऱ्याच अंशी मार्गदर्शक ठरतो. मुलाने लिहिण्यापूर्वी वहीत चूक नव्हती. त्याच्या हातून ती निर्माण झाली. म्हणून ‘मेक अ मिस्टेक’. मुले ओरडण्यापूर्वी वर्गात शांतता होती. गोंगाट त्यांनी निर्माण केला. म्हणून ‘मेक अ नॉइज’. त्याचप्रमाणे ‘मेक अ स्पीच’, ‘मेक अ प्रॉमिस’, ‘मेक प्रोग्रेस’, ‘मेक फ्रेंड्स’ आणि ‘मेक मनी’ हे प्रयोग समजावून देता येतात. मराठीत वचन ‘देतात’, मित्र ‘जोडतात’ आणि पैसा ‘मिळवितात’. ही तीन निरनिराळी क्रियापदे इंग्रजीत एका ‘मेक’च्या छत्राखाली येतात, हेही मुलांच्या नजरेस आणावे.

‘डू’कडे जाणारा दुसरा एक गट ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दुसऱ्याचे बरेवाईट करणे, या अर्थाच्या शब्दांपूर्वी इंग्रजी बहुधा ‘डू’ घेते. उपकार करणे म्हणजे ‘डू अ फेवर’, भले करणे म्हणजे ‘डू गुड’, अपाय करणे म्हणजे ‘डू हार्म’, नुकसान करणे म्हणजे ‘डू डॅमेज’, न्याय करणे म्हणजे ‘डू जस्टिस’. या पाच जोड्या एकत्र शिकविल्यास मुलांच्या स्मरणात सहज राहतात.

तरीही नियमाचा फार आग्रह धरू नये. काही प्रयोग केवळ रूढीने आलेले असतात. अंथरूण नीट घालण्यास इंग्रजीत ‘मेक द बेड’ म्हणतात, आणि केस विंचरून नीटनेटके करण्यास ‘डू युवर हेअर’ म्हणतात. अंथरूण आणि केस दोन्हीही आधीपासूनच होते. मग एकास ‘मेक’ आणि दुसऱ्यास ‘डू’ का, असे चौकस मुलाने विचारल्यास ‘तशी रूढी आहे’ एवढे सरळ उत्तर द्यावे. ओढूनताणून कारण सांगू नये. मराठीतही भाकरी ‘थापतात’, पोळी ‘लाटतात’ आणि खीर ‘शिजवितात’. शिकणाऱ्या परभाषिकाला तेही जसेच्या तसे स्वीकारावे लागते.

५. जेथे दोन्ही क्रियापदे चालत नाहीत

‘करणे’च्या भाषांतरातील सर्वांत मोठी अडचण ‘डू’ की ‘मेक’ ही नसून, दोहोंपैकी एकही नको, ही आहे. मराठीत नाम किंवा विशेषण घेऊन त्यापुढे ‘करणे’ जोडले की क्रियापद तयार होते. मदत करणे, अभ्यास करणे, प्रवास करणे, विचार करणे, प्रार्थना करणे, माफ करणे, गोळा करणे, बंद करणे असे शेकडो प्रयोग रोजच्या बोलण्यात आहेत. इंग्रजीत यांतील बहुतेकांसाठी एकेक स्वतंत्र क्रियापद आहे : ‘हेल्प’, ‘स्टडी’, ‘ट्रॅव्हल’, ‘थिंक’, ‘प्रे’, ‘फर्गिव्ह’, ‘कलेक्ट’, ‘क्लोज’. मूल ‘मदत’साठी ‘हेल्प’ शोधते आणि ‘करणे’ उरले म्हणून ‘डू’ही लावते. त्यामुळे ‘आय डू हेल्प टू माय फादर’ असे वाक्य जन्मास येते. योग्य वाक्य ‘आय हेल्प माय फादर’ एवढेच आहे. मराठीतील ‘वडिलांना’ या शब्दातील ‘ना’ हा प्रत्ययही येथे ‘टू’च्या रूपाने यावयाचा नाही.

शेतकरी कुटुंबातील मुलांकडून होणारी आणखी एक चूक अशीच आहे. ‘तुझे वडील काय करतात?’ या प्रश्नाचे उत्तर मराठीत ‘शेती करतात’ असे येते. म्हणून मूल ‘माय फादर इज डूइंग फार्मिंग’ असे लिहिते. प्रश्न ‘व्हॉट डझ युवर फादर डू?’ असाच असला, तरी उत्तर ‘माय फादर इज अ फार्मर’ असे साधे व डौलदार असावे.

जेवणाचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. ‘आईने जेवण केले’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ संभवतात. आईने स्वयंपाक केला, हा एक; आई जेवली, हा दुसरा. पहिल्या अर्थी इंग्रजीत ‘मदर मेड लंच’ आणि दुसऱ्या अर्थी ‘मदर हॅड लंच’ असे म्हणतात. आंघोळ करणे यासही ‘डू’ किंवा ‘मेक’ चालत नाही. ‘हॅव अ बाथ’ किंवा ‘टेक अ बाथ’ असे म्हणावे लागते. अशा उदाहरणांवरून वरच्या इयत्तेतील मुलांना कळून येते की, भाषांतर करताना आधी मराठी वाक्याचा अर्थ निश्चित करावयाचा असतो. शब्दाला शब्द ठेवून काम भागत नाही.

६. दोन्ही क्रियापदांची आणखी दोन कामे

‘डू’चे साहाय्यक क्रियापद म्हणून एक निराळे काम आहे. ‘डू यू लाइक मँगोज?’ या प्रश्नात ‘करणे’चा अर्थ मुळीच नाही. ‘तुला आंबे आवडतात का?’ या मराठी वाक्यात जे काम ‘का’ करतो, तेच येथे आरंभीच्या ‘डू’ने केले आहे. नकारार्थी वाक्यातील ‘डोन्ट’चीही तीच गोष्ट. इंग्रजीत ही पद्धत पूर्वापार अशीच नव्हती. १६१६ साली निधन पावलेल्या शेक्सपिअरच्या नाटकांत ‘डू’सह आणि ‘डू’वाचून असे दोन्ही प्रकारचे प्रश्न आढळतात. आज मात्र ‘डू’ आवश्यक मानले जाते. ‘व्हॉट डू यू डू?’ या वाक्यात पहिला ‘डू’ साहाय्यक आणि दुसरा मुख्य आहे, हे फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी दाखवावे. ‘डू’ची ही दोन कामे एकाच तासिकेत प्रथमच शिकविणे मात्र टाळावे.

‘मेक’चे दुसरे काम मराठीतील प्रयोजक क्रियापदांशी जुळते. हसणे–हसविणे, रडणे–रडविणे, थांबणे–थांबविणे या जोड्या मुलांना व्याकरणाच्या तासाला परिचित झालेल्या असतात. ‘विदूषकाने मुलांना हसविले’ हे वाक्य इंग्रजीत ‘द क्लाउन मेड द चिल्ड्रन लाफ’ असे होते. येथे ‘लाफ’पूर्वी ‘टू’ येत नाही, याकडे लक्ष वेधावे. त्याचप्रमाणे ‘बातमीने तिला आनंदित केले’ याचे ‘द न्यूज मेड हर हॅपी’ असे रूप होते. सर्वच प्रयोजक क्रियापदे ‘मेक’ने मात्र होत नाहीत. शिकणे–शिकविणे यास ‘लर्न’ व ‘टीच’, आणि पाहणे–दाखविणे यास ‘सी’ व ‘शो’ असे स्वतंत्र शब्द आहेत.

७. शब्द सुटा न शिकविता जोडीने शिकवावा

वरील विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष असा की, ‘डू’ किंवा ‘मेक’ हा शब्द मुलाला त्याच्या मराठी अर्थासह देण्याऐवजी त्याच्या इंग्रजी सोबत्यासह द्यावा. ‘मिस्टेक’ म्हणजे चूक, एवढेच शब्दार्थाच्या यादीत न लिहिता ‘मेक अ मिस्टेक’ म्हणजे चूक करणे, असे संपूर्ण लिहावे. ‘होमवर्क’ म्हणजे गृहपाठ, असे न लिहिता ‘डू होमवर्क’ म्हणजे गृहपाठ करणे, असे लिहावे. इंग्रजीचे अध्यापक व संशोधक हॅरल्ड पामर यांनी १९३३ साली टोकियो येथून अशा नित्य एकत्र येणाऱ्या शब्दसमूहांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. असे समूह सुटे शब्द जुळवून तयार करावयाचे नसून एकसंध घटक म्हणून शिकावयाचे असतात, हा त्यातील मुख्य विचार होता. खेड्यातील शाळेतही तो तितकाच उपयुक्त आहे. त्यासाठी कोणतेही खर्चाचे साधन लागत नाही.

शिक्षकांस स्वतःस एखाद्या प्रयोगाविषयी शंका आल्यास कोश पाहावा. परंतु ‘मेक’ किंवा ‘डू’ या शब्दाखाली शोधू नये, कारण तेथे अर्थांची मोठी गर्दी असते. सोबतचे नाम शोधावे. ‘मिस्टेक’ हा शब्द काढल्यास त्याखालील उदाहरणातच ‘मेक’ सापडते. यासाठी इंग्रजी शिकणाऱ्यांकरिता मुद्दाम रचलेले विद्यार्थिकोश अधिक सोयीचे असतात. या प्रकारचा ए. एस. हॉर्नबी व त्यांचे सहकारी यांचा कोश प्रथम १९४२ साली जपानमध्ये आणि नंतर १९४८ साली ऑक्सफर्डच्या वतीने प्रसिद्ध झाला. त्यानंतर असे अनेक कोश निघाले आहेत. शाळेच्या ग्रंथपेटीत असा एक कोश अवश्य असावा.

८. नमुना पाठ

इयत्ता : चौथी व पाचवी. कालावधी : दोन तासिका. साहित्य : ओली माती, जुने कागद, केरसुणी, पाटी, जाड कागदाच्या चिठ्ठ्या, खडू.

पहिली पायरी. बेंदूर किंवा पोळा जवळ आला असता हा पाठ घेतल्यास विशेष रंगतो, कारण त्या दिवसांत मुले मातीचे बैल करण्यात दंग असतात. एका मुलाने मातीचा बैल करावा, दुसऱ्याने वर्ग झाडावा, तिसऱ्या मुलीने पाटीवर गणित सोडवावे. शिक्षकांनी प्रत्येकापाशी जाऊन ‘व्हॉट आर यू डूइंग?’ असे विचारावे. उत्तरे अनुक्रमे ‘आय ॲम मेकिंग अ बुल’, ‘आय ॲम स्वीपिंग द फ्लोर’ आणि ‘आय ॲम डूइंग अ सम’ अशी येतील. प्रश्न तिन्ही वेळा एकच होता, उत्तरे तीन प्रकारची आली, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

दुसरी पायरी. सर्व मुलांनी कागदाची होडी, पंखा किंवा टोपी करावी. काम झाल्यावर वस्तू उंच धरून प्रत्येकाने ‘आय मेड अ बोट’ किंवा ‘आय मेड अ कॅप’ असे वाक्य म्हणावे. हातात वस्तू असल्यामुळे ‘मेड’ या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

तिसरी पायरी. शाळेच्या अंगणात चुन्याने तीन वर्तुळे आखावीत. एकात ‘डू’, दुसऱ्यात ‘मेक’ लिहावे. तिसरे रिकामे ठेवावे. चिठ्ठ्यांवर ‘होमवर्क’, ‘मिस्टेक’, ‘नॉइज’, ‘टी’, ‘एक्सरसाइज’, ‘हेल्प’, ‘स्टडी’ असे शब्द असावेत. मुलाने चिठ्ठी उचलावी, मोठ्याने वाचावी आणि योग्य वर्तुळात जाऊन उभे राहावे. ज्या शब्दांना दोन्ही क्रियापदे लागत नाहीत, त्यांच्यासाठी रिकामे वर्तुळ आहे. चुकीच्या वर्तुळात गेलेल्या मुलाला खेळातून बाद करू नये; सर्वांनी मिळून योग्य जोडी तीनदा म्हणावी आणि त्या मुलाने वर्तुळ बदलावे. द्विशिक्षकी शाळेत मोठ्या वर्गातील मुलांकडे या खेळाची व्यवस्था सोपविता येईल.

चौथी पायरी. मुलांनी स्वतःच्या दिनक्रमाविषयी चार वाक्ये तोंडी सांगावीत व नंतर लिहावीत. त्यांत ‘डू’चे एक, ‘मेक’चे एक आणि दोहोंवाचून दोन वाक्ये असावीत. सोबत ‘डू, डिड, डन’ आणि ‘मेक, मेड, मेड’ ही रूपे तालावर म्हणून घ्यावीत.

९. चुकांची दुरुस्ती

तोंडी चूक झाली असता मुलाला मध्येच अडवू नये. मूल म्हणाले, ‘सर, ही डिड नॉइज’. तर शिक्षकांनी शांतपणे ‘ओ, ही मेड अ नॉइज?’ असे म्हणून संभाषण पुढे न्यावे. तक्रार ऐकून घेतली गेली, आणि योग्य प्रयोगही कानावर पडला. असे अनेक वेळा झाले म्हणजे मुलाची जीभ आपोआप वळते.

लेखी चूक असल्यास केवळ ‘डिड’वर रेघ मारू नये, वर ‘मेड अ मिस्टेक’ अशी संपूर्ण जोडी लिहावी. तीच चूक शंभरदा लिहून आणण्याची शिक्षा निरुपयोगी आहे. त्याऐवजी त्या जोडीची दोन नवी वाक्ये मुलाने स्वतःच्या अनुभवातून रचावीत. वर्गाच्या भिंतीवर ‘डू’, ‘मेक’ आणि ‘दोन्ही नकोत’ असा तीन रकान्यांचा तक्ता लावून प्रत्येक आठवड्यास दोन-तीन जोड्यांची भर घालावी. वर्षाअखेरीस मुलांच्या चुकांतूनच एक उत्तम तक्ता तयार झालेला दिसेल.

१०. स्वाध्याय

पुढील वाक्यांत ‘डू’ येईल, ‘मेक’ येईल, की दोन्ही येणार नाहीत, हे शिक्षकांनी प्रथम स्वतः ठरवावे व नंतर मुलांना विचारावे.

१) मुलांनो, गोंगाट करू नका.
२) रोज सकाळी व्यायाम करावा.
३) ताईने पाहुण्यांसाठी चहा केला.
४) गारांनी पिकांचे फार नुकसान केले.
५) सरपंचांनी भाषण केले.
६) भावाने मला मदत केली.
७) त्याने आपले काम वेळेवर केले.
८) तिने नव्या शाळेत मैत्रिणी जोडल्या.
९) आम्ही नदीवर आंघोळ केली.
१०) त्या गोष्टीने सर्वांना हसविले.
११) त्यांनी एस. टी.ने प्रवास केला.
१२) त्याने माझ्यावर उपकार केले.

उत्तरे : ‘डू’ – २, ४, ७, १२. ‘मेक’ – १, ३, ५, ८, १०. दोन्ही नाहीत – ६ (‘हेल्प’), ९ (‘हॅव’ किंवा ‘टेक’), ११ (‘ट्रॅव्हल’).

११. उपसंहार

‘डू’ आणि ‘मेक’ यांचा भेद एका पाठाने पुरा होणारा नाही; वर्षभर थोडा थोडा सराव चालू राहिला पाहिजे. मात्र आरंभापासून दोन गोष्टी सांभाळल्यास काम सुकर होते. क्रियापद त्याच्या सोबत्यासह शिकवावे, आणि मुलाच्या चुकीमागील मराठी शोधावी. ज्या मुलाला आपण ‘कर्म’ आणि ‘कुंभकार’ हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात बोलतो हे उमगते, त्याला इंग्रजी तर येतेच, शिवाय आपली मराठीही नव्याने दिसू लागते. मुलांनी आपल्या चुका न लपविता वर्गात निर्भयपणे उच्चाराव्यात, एवढा विश्वास इंग्रजीच्या तासाला निर्माण झाला, म्हणजे शिक्षकांचे निम्मे काम झाले असे समजावे.